मुलीच्या अभ्यासासाठी आवाज न करणारा आणि खिशाला झेपणारा डेस्कटॉप: सल्ला हवा

कुळागर (फोंडा)

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा नववीत. घरी मेहुण्याने दिलेला एक जुना कॉम्प्युटर आहे, वास्कोच्या दुकानातून असेंबल केलेला, बारा वर्षांचा तरी असेल. चालतो, पण सुरू केला की पिठाची गिरण. आमचं घर जुनं, कौलारू. कॉम्प्युटरचं टेबल माजघरात आणि पडद्यापलीकडे आईची खाट. मुलगी रात्री साडेनऊनंतरच अभ्यासाला बसते (का ते विचारू नका). मग पडद्यामागून रोजचा आवाज, "बाये, तुजी गिरण बंद कर गो!"

काम साधंच आहे. शाळेचे प्रोजेक्ट, प्रेझेंटेशन, थोडं पायथन, व्हिडिओ पाहणं, आणि माझं मराठी टायपिंग. गेम नाहीत. मॉनिटर, की-बोर्ड, माऊस आहेत. बजेट तीस हजार, ताणलं तर बत्तीस. नवीन जुळवून घ्यावा की तयार घ्यावा? आणि आवाज नक्की कशाने कमी होतो? दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "सगळे सारखेच वाजतात."

सोलकढी

लॅपटॉप घ्या, विषय संपवा.

कुळागर

सोलकढी, तो विचार करून झाला. लॅपटॉप दिला की तो टेबलावरून पलंगावर जातो, पलंगावरून पांघरुणात. शिवाय मान खाली घालून तासन्‌तास बसायचं. मला एका जागी खिळलेली वस्तू हवी आहे.

ट्रान्झिस्टर (म्हापसा)

सगळे सारखे वाजत नाहीत. दुकानदाराने त्याच्याकडे असलेल्या मालाबद्दल सांगितलं असेल.

कॉम्प्युटरमध्ये वाजणाऱ्या वस्तू मोजक्या असतात: प्रोसेसरवरचा पंखा, एसएमपीएसमधला (म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातला) पंखा, कॅबिनेटचे पंखे, आणि जुन्या मशीनमध्ये हार्ड डिस्क. बाकी सगळं मुकं. यातली हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपवर साठवणारी डिस्क) लावलीत की एक वादक कायमचा घरी गेला. नेहमीची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. ती थरथर पत्र्याला लागते, पत्र्यातून टेबलाला, आणि लाकडी टेबल असेल तर तबला तयार. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नाही.

आता पंखे. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवायची, मोठा आणि हळू. ८० मिलिमीटरचा पंखा जेवढी हवा ढकलायला भणभणतो, तेवढी हवा १२० मिलिमीटरचा आरामात ढकलतो. त्याच पंख्याचे फेरे निम्मे केले तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणजे महागडा पंखा घेण्याआधी आहे तोच पंखा हळू करून बघा. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) फॅन कर्व्ह असतो, म्हणजे किती तापल्यावर पंखा किती जोरात फिरवायचा त्याचा आलेख. चार पिनांचा पंखा असेल तर तो तिथून छान आवरता येतो. तीन पिनांचा असेल तर त्याच जागी डीसी मोड निवडायचा. बहुतेक दुकानांत हे कोणी करून देत नाही, कारण दुकानात तो आवाज ऐकूच येत नाही.

आणि कृपा करून कॅबिनेटबरोबर "फ्री" मिळणारा एसएमपीएस वापरू नका. वाजतो तो आहेच, पण गोव्यातल्या व्होल्टेजवर तो एक दिवस आपल्याबरोबर मदरबोर्डलाही घेऊन जातो.

डिचोलीकर

सगळं बरोबर, पण एक विचारतो. मे महिन्यात तुमच्या डोक्यावरचा पंखा पाचावर असतो की नाही? त्याच्या घरघरीखाली कॉम्प्युटर वाजतो की नाही हे कोणाला कळणार? आमच्याकडे तर खाणीचे ट्रक चालू असताना एकमेकांशी बोलणं पण खुणेनं व्हायचं. तीस हजारांत शांतता विकत घेताय, त्यापेक्षा आईंना कापसाचे बोळे द्या. दहा रुपये.

माटोळी

डिचोलीकर, 😂 सासूबाईंना कापसाचे बोळे देऊन बघा आणि मग इथे येऊन सांगा.

कुळागर

आई माझी सख्खी आहे हो. तरी बोळे देण्याची हिंमत नाही.

ट्रान्झिस्टर

डिचोलीकरांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, अर्धा खरा आहे. छतावरच्या पंख्याचा आवाज एकसुरी असतो, वाऱ्यासारखा. मेंदू तो दहा मिनिटांत विसरतो. त्रास होतो तो चढ-उतारांचा. छोटा पंखा मध्येच जोर धरतो, खाली येतो, पुन्हा जोर धरतो. झोपलेल्या माणसाला जाग येते ती या बदलाने. म्हणून फॅन कर्व्हमध्ये दोन गोष्टी करा: प्रोसेसर ६० अंशांपर्यंत तापेतो पंखा एकाच संथ गतीवर ठेवा, आणि गती बदलण्याआधी काही सेकंद थांबायची सोय (अनेक बोर्डांवर असते) चालू करा. पान उघडलं की पंखा किंचाळला, हा प्रकार तिथेच संपतो.

गणिताच्या_बाई (पेडणे)

वाचतेय. आमच्या शाळेतही हाच प्रश्न आहे. एका खोलीत वीस मशीन लावली की शिकवताना घसा बसतो.

आकडेमोड (मडगाव)

प्रोसेसरबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो.

कुळागर, तुमच्या कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड नको. तेच कार्ड सर्वांत जास्त वाजतं, सर्वांत जास्त तापतं आणि सर्वांत जास्त पैसे खातं. त्यामुळे प्रोसेसर असा घ्या ज्याच्या पोटात ग्राफिक्स आहे. दोन सरळ पर्याय आहेत. इंटेलचा आय३-१२१००, चार कोअर (काम करणारे हात म्हणा), आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). किंवा एएमडीचा रायझन ५ ५६००जी, सहा कोअर, बारा थ्रेड, त्याचं अंगचं ग्राफिक्सही जरा बरं. शाळेच्या कामाला दोन्ही भरपूर झाले.

एक सापळा सांगतो, कारण माझा चुलतभाऊ त्यात पडला. आय३-१२१००एफ दिसायला तोच, थोडा स्वस्त. शेवटच्या "एफ"चा अर्थ ग्राफिक्स नाही. तसंच ५६०० वेगळा आणि ५६००जी वेगळा, "जी" नसेल तर पडद्यावर काहीच येणार नाही. भावाने हजार रुपये वाचवले आणि नंतर ग्राफिक्स कार्डावर सहा हजार घातले. कार्डही वाजणारं.

या दोघांबरोबर डब्यात कूलर येतो. अगदी शांत नाही, पण फॅन कर्व्ह लावला तर नववीच्या अभ्यासाला पुरेसा शांत आहे. नंतर हात सैल झाला तर १२० मिलिमीटर पंख्याचा टॉवर कूलर लावा.

सोलकढी

रॅमचं बघा आधी. हल्ली रॅमचा भाव विचारायला गेलो तर सुरमईचा भाव ऐकल्यासारखं झालं.

आकडेमोड

सोलकढी, खरं आहे. २०२५ च्या शेवटापासून रॅम चढली ती एआयच्या डेटा सेंटरांमुळे. चिप बनवणाऱ्या कंपन्यांना तिथे जास्त पैसे मिळतात, मग आपल्यासारख्यांच्या रॅमकडे कोण बघणार? मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा घरगुती ग्राहकांचा ब्रँडच गुंडाळायचा निर्णय जाहीर केला. म्हणून सध्या डीडीआर५ च्या (नव्या पिढीच्या रॅमच्या) नादाला लागू नका. डीडीआर४ वर चालणारा एच६१० बोर्ड (इंटेलसाठी) किंवा ए५२०, बी४५० (एएमडीसाठी) घ्या, आणि रॅम ओळखीत कोणाकडे पडून आहे का ते बघा. रॅम फारशी झिजत नाही. जुनी घेतली तर एक रात्र मेमरी टेस्ट चालवायची, बस्स. शक्य तर ८ जीबीच्या दोन काड्या घ्या, एक १६ ची नको. पोटातलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, दोन काड्यांनी त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो.

झुआरीपलीकडे

एवढा खटाटोप कशाला? ऑफिसांतून निघालेले छोटे डेस्कटॉप मिळतात, जाड पुस्तकाएवढे. ऑप्टिप्लेक्स मायक्रो, थिंकसेंटर टायनी, एलिटडेस्क मिनी. त्यात आय५-८५००टी बघा. सहा कोअर आणि फक्त ३५ वॅट. बाहेर लॅपटॉपसारखा अ‍ॅडाप्टर, म्हणजे एसएमपीएसचा पंखाच नाही. माझ्याकडे दोन वर्षं आहे, मॉनिटरच्या मागे स्क्रूने लटकवलाय. टेबलावर जागा मोकळी, तिथे आता बायकोने तुळशीचं रोप ठेवलंय. जुळवाजुळवीपेक्षा कितीतरी स्वस्त पडला.

ट्रान्झिस्टर

झुआरीपलीकडे, सूचना चांगली आहे, दोन "पण" जोडतो. या डब्यांत पंखा एकच आणि तो छोटा. लिहिण्या-वाचण्यात ऐकू येत नाही, पण व्हिडिओ कॉलवर तासभर बसलात की बारीक शिट्टीसारखा सूर लागतो. दुसरं, सेकंड हँड घेताना प्रोसेसरची पिढी बघा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. दुकानात "आय५ आहे साहेब" म्हणून सहाव्या पिढीचा आय५-६५०० गळ्यात मारतात. आय५ म्हणजे फक्त आडनाव, पिढी कुठली ते विचारा.

झुआरीपलीकडे

मान्य. पण शिट्टी मला कधी ऐकू आली नाही. किंवा माझे कान गेले.

डिचोलीकर

बायकोला विचारा. ती तीन वेळा हाक मारते का?

झुआरीपलीकडे

हा प्रश्न धाग्याबाहेरचा आहे.

गणिताच्या_बाई

जरा अवांतर, पण विषयाला धरून. विंडोजच का? २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत गोव्यातल्या काही शाळांमध्ये परदेशांतून आलेले वापरलेले कॉम्प्युटर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी फुकट प्रणाली) घालून बसवले होते. मी तेव्हा नवीनच नोकरीला लागले होते. एक अक्षर कळत नव्हतं, पण मुलं आठवड्यात शिकली आणि मग त्यांनी मला शिकवलं. आज लिनक्स मिंट तर विंडोजपेक्षा सोपं वाटतं. लिबरऑफिसमध्ये प्रोजेक्ट होतात, पायथन आधीच असतं, मराठी इन्स्क्रिप्ट सेटिंगमध्ये दोन टिचक्यांत चालू होतं. जुन्या मशीनलाही झेपतं.

आणि कुळागर, एक आग्रह करू का? जुळवायचं ठरवलंत तर मुलीला स्वतःच्या हाताने जुळवू द्या. आमच्या शाळेत सरकारच्या कोडिंग-रोबोटिक्स योजनेमुळे मुलं स्क्रॅचमध्ये मांजर नाचवतात, चांगलंच आहे. पण डब्यात काय असतं हे विचारलं तर गप्प. स्क्रू फिरवणाऱ्या पोरीला ते पुन्हा शिकवावं लागणार नाही.

सोलकढी

बाईंना +१. (लॅपटॉपवाला मत मागे घेतोय. पूर्ण नाही, अर्धं.)

माटोळी (साखळी)

तुम्ही सगळे प्रोसेसरमध्ये अडकलात. गोव्यात कॉम्प्युटर मारणारा खरा शत्रू पावसाळा आहे, कोणी नावच काढत नाही.

आमच्याकडे जूनमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते, मग मदरबोर्डाला काय होत असेल? दोन वर्षांपूर्वी आम्ही चवथीला (गणेश चतुर्थीला) गावच्या घरी आठ-दहा दिवस होतो. इथल्या घरी कॉम्प्युटर बंद. परत येऊन सुरू केला, तर फट् आणि वास. उघडला तर एसएमपीएसमध्ये पाल. बिचारी ऊब शोधत गेली असणार. तिने स्वतःचाही बळी दिला आणि माझ्या एसएमपीएसचाही. तेव्हापासून नियम केलाय: पावसाळ्यात वापर असो-नसो, दिवसाला अर्धा-पाऊण तास मशीन चालू ठेवायचं. आतली उष्णता ओल धरू देत नाही. कॅबिनेटच्या मागच्या उघड्या पट्ट्या बंद करायच्या, वायरच्या जागी बारीक जाळी. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी तर स्क्रूसुद्धा तपासावेत, खारं वारं दोन वर्षांत गंज चढवतं.

आणि वीज. वळवाचा गडगडाट सुरू झाला की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. तांब्याची नेटची केबल येत असेल तर तीही काढायची. माझ्या भावाचा कॉम्प्युटर बंद होता, प्लगही काढलेला, तरी नेटच्या केबलमधून गेला. अर्थिंग नीट आहे का ते आधी इलेक्ट्रिशियनला दाखवा. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या भोकामागे वायरच नसते.

डिचोलीकर

पालीच्या आत्म्यास शांती लाभो. मशीन मात्र शांत झालं ना? धाग्याचा विषय तोच आहे.

माटोळी

🙄

ट्रान्झिस्टर

माटोळी यांनी लिहिलेलं प्रिंट काढून ठेवावं असं आहे. फक्त जाळीचं एक सांगतो: फार बारीक जाळी लावली की हवा अडते, पंखा जोरात फिरतो, आवाज वाढतो. लावलीत तर महिन्याला ब्रशने झाडा. पुढच्या बाजूला सपाट काच आणि रंगीत दिवे असलेल्या कॅबिनेटचंही तेच, हवा घ्यायला तोंडच नाही. त्यापेक्षा साधा जाळीदार पत्रा बरा.

कुळागर

सगळ्यांचे आभार. दोन दिवस सगळं वाचून रविवारी मुलीबरोबर जुनं मशीन उघडलं. काय सांगू! प्रोसेसरच्या कूलरवर धुळीची गोधडी, लाल मातीची. पंख्याचं एक पातं तुटलेलं, म्हणून तो डुगडुगत फिरत होता. हार्ड डिस्कचा एकच स्क्रू लावलेला. पालीची दोन अंडीपण होती, वाळलेली. (माटोळी, तुमची आठवण काढली.)

ब्रशने साफ केलं, हार्ड डिस्कला चारही स्क्रू लावले, खाली रबराचे तुकडे घातले. आवाज निम्म्यावर आला. खर्च शून्य. मशीन मात्र चौथ्या पिढीचं, विंडोज ११ नाही.

आता प्रश्न असा, हेच कॅबिनेट ठेवून आतलं बदलू का? ते धड जाड पत्र्याचं आहे, आणि मागे १२० मिलिमीटर पंख्याची जागा आहे.

आकडेमोड

असेंबल केलेलं असेल तर जरूर ठेवा, आजही स्क्रूची भोकं तीच आहेत. मोठ्या कंपनीचं तयार मशीन असतं तर नाही म्हणालो असतो, त्यांचे बोर्ड आणि एसएमपीएस बऱ्याचदा त्यांच्या स्वतःच्याच मापाचे असतात. कॅबिनेटचे पैसे वाचले ते चांगल्या एसएमपीएसमध्ये घाला. ४५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का) पुरे. तुमचं मशीन शंभर वॅटलाही क्वचितच शिवेल, त्यामुळे त्याचा पंखा झोपल्यासारखाच फिरेल.

सोलकढी

कुळागर, घेतलंत की इथे सांगा. धागाकर्ते सल्ला घेऊन गायब होतात, हा इथला जुना रोग आहे.

कुळागर

गायब नाही झालो, सहामाही परीक्षा होती.

हिशेब सांगतो. आय३-१२१०० घेतला, "एफ" नसलेला, पावतीवर दोनदा तपासला. डीडीआर४ चा एच६१० बोर्ड, ५०० जीबी एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणारी) एसएसडी, ब्राँझ एसएमपीएस, मागे एक १२० मिलिमीटर चार पिनांचा पंखा. रॅमच्या ८ च्या दोन काड्या मेहुण्याच्या ऑफिसात पडून होत्या, त्याने दिल्या. (बदल्यात चवथीला नेवऱ्या जास्त पाठवाव्या लागल्या.) एकूण सत्तावीस हजार आणि वर थोडे. एसएसडीच्या भावानेही चिमटा काढला, नाहीतर पंचविसात बसलं असतं. यूपीएस वेगळा.

जुळवला मुलीनेच. मी टॉर्च धरून उभा. प्रोसेसर बसवताना त्याच्या खिट्टीचा जो करकर आवाज येतो तो ऐकून मला घाम फुटला, तिने आधीच व्हिडिओ पाहिलेला, म्हणाली, "बाबा, तो तसाच वाजतो." पहिल्यांदा सुरू केला तर पडदा काळा. अर्धा तास शोधलं. रॅमची एक काडी पूर्ण बसली नव्हती. पुन्हा दाबली, आला.

फॅन कर्व्ह ट्रान्झिस्टर यांनी सांगितला तसाच लावला. विंडोज नाही घातलं, बाईंचं ऐकून मिंट. शाळेचं एक प्रेझेंटेशन दुसरीकडे उघडल्यावर अक्षरं इकडेतिकडे गेली, आता ती पीडीएफ करून नेते. बाकी अडलं नाही.

पहिल्या रात्री आई उठून पडद्याजवळ आली आणि विचारलं, "बंद पडलें काय कितें?"

गणिताच्या_बाई

वा! पोरीला शाबासकी सांगा. पुढच्या सुट्टीत आमच्या शाळेत पाठवा, वीस मशीन वाट बघतायत.

ट्रान्झिस्टर

मस्त. यूपीएस कसा आहे? रात्री लाईट गेल्यावर बोंबलतो का?

कुळागर

बोंबलतो! परवा दीड वाजता लाईट गेली, मशीन बंदच होतं, पण यूपीएस चालू राहिलेला. अख्खं घर जागं. मग पुस्तिकेत सापडलं, आमच्यावर बटण थोडा वेळ दाबून धरलं की बीप बंद होतो. तरीही आता झोपताना यूपीएसही बंद करतो.

आणि एक नवीन तक्रार आलीय. कॉम्प्युटर गप्प झाल्यापासून आईला माजघरातल्या छताच्या पंख्याची कटकट ऐकू येते. इतकी वर्षं ऐकू येत नव्हती.

डिचोलीकर

मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, पंख्याकडे बघा. बेअरिंग बदलून घ्या, बापडे. त्यासाठी वेगळा धागा काढू नका.